बोरीकाठी बोरीकर शोधताना

खानदेशातल्या नद्या एका दमात पाहायच्या तर धुळ्याहून जळगावकडे जाणारी एसटी धरावी आणि कोणत्याही बाजूची का होईना, खिडकी मिळवावी. धुळं पांझरेच्या काठी. पुढे पारोळ्याच्या अलीकडे बोरी ओलांडायची, एरंडोलला अंजनी, आणि जळगावात शिरण्याआधी बांभोरीच्या पुलाखाली गिरणा. चौघीही शेवटी तापीच्या. तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावते आणि 724 किलोमीटर वाहत सुरतेपुढे समुद्राला मिळते. पावसाळा सरला की या उपनद्यांत पाण्यापेक्षा वाळू जास्त आणि वाळूपेक्षा वेड्या बाभळी जास्त. तरी पूल आला की बसमधली एखादी म्हातारी हात जोडतेच.

मी निघालो होतो तो बोरीसाठी, आणि तेही एका आडनावामुळे. आडनाव बोरीकर. विदर्भात ते भेटतं, पुण्या-मुंबईतही भेटतं. खानदेशातून बोरी नावाची नदी वाहते हे माहीत असल्याने प्रश्न पडला होता, की बोरीकर हे या बोरीचे का? नदीवरून मराठी आडनाव पडतं का? गावावरून पडलेल्या आडनावांची आपल्याकडे रेलचेल आहे, पण नदीवरून पडलेलं चटकन सांगता येत नाही. तापीकर आठवतं. त्यापुढे यादी अडते.

असा प्रश्न डोक्यात यायला कारण झालं ते वेल्समधलं एक आडनाव. स्वान्झी शहराच्या पश्चिमेला लॉघर नावाची नदी आहे आणि तिच्या काठी त्याच नावाचं जुनं गाव. स्पेलिंग वाचून आपण लॉघर म्हणतो, तिथली माणसं ‘लखर’च्या जवळपास काहीतरी म्हणतात. रोमनांचा इथे किल्ला होता, त्याला ते ल्यूकारम म्हणत. या नदी-गावावरून तिथल्या काही घराण्यांचं आडनावही लॉघर पडलं. इंग्लंडात असल्या आडनावाचं कोणाला कौतुक वाटणार नाही, पण वेल्समध्ये ते वेगळं उठून दिसतं. कारण वेल्श माणसाला मुळात आडनावच नव्हतं. बापाचं नाव मागे लावायचं, मध्ये ‘ॲप’ म्हणजे ‘चा मुलगा’. रीसचा मुलगा तो ॲप रीस, त्याचं पुढे प्राइस झालं. ॲप हॉवेलचं पॉवेल, ॲब ओवेनचं बोवेन. सोळाव्या शतकात, 1536 आणि 1543 च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या कारभारात ओढला गेला, कोर्टकचेरीच्या इंग्रजी दप्तरात माणसाला एक कायमचं नाव लागू लागलं, आणि बापाच्या नावाचंच आडनाव होऊन बसलं. म्हणून वेल्समध्ये जोन्स, डेव्हिस, विल्यम्स यांची एवढी गर्दी. त्या गर्दीत नदीचं नाव लावणारा उपराच वाटणार.

आपल्याकडे बापाचं नाव मधल्या जागेवर पक्कं बसलेलं. त्यामुळे आडनावाची जागा मोकळी राहिली आणि तिथे गाव, वतन, धंदा, पराक्रम, कधी एखादी खोडही येऊन बसली.

पारोळ्याआधी धुळ्यात उतरलो. आडनावांच्या मागे लागलेल्या माणसाने इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या नावाने उभ्या असलेल्या संशोधन मंडळाला चुकवून पुढे जाणं बरं नव्हे. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी मंडळ सुरू झालं. या माणसाने कागदपत्रं गोळा करण्यासाठी महाराष्ट्र पालथा घातला हे सर्वांना ठाऊक असतं. गावांची, माणसांची, नद्या-डोंगरांची नावं हाही त्यांच्या ध्यासाचा विषय होता हे कमी ठाऊक असतं. त्यांचा नामादिशब्दव्युत्पत्तिकोश त्यांच्यामागे छापून आला. राजवाड्यांच्या व्युत्पत्त्या वाचायला बहारीच्या. कोणताही मराठी शब्द ते खेचत खेचत पाणिनीपर्यंत नेऊन पोचवतात. सगळ्याच पटत नाहीत. मात्र एक धडा त्यांच्याकडून घ्यावा: नाव हा पुरावा आहे, कागदाइतकाच, आणि कागदासारखीच त्याचीही उलटतपासणी करावी लागते.

उलटतपासणीला खानदेशात ताबडतोब दोन साक्षीदार उभे राहतात. पहिला गिरासे. गिरणेच्या मुलखात गिरासे आडनावाची माणसं भेटली की वाटतं, सापडलं! नदीवरून आडनाव पडलं. पण गिरासे हा शब्द ग्रास म्हणजे निर्वाहासाठी तोडून दिलेली जमीन, तिच्यावरून आलेला. गुजरात-राजस्थानात ग्रासिया म्हणतात ते हेच. गिरणेशी त्याचा संबंध उच्चारापुरता. दुसरा साक्षीदार बोरसे. बोरीकाठी बोरसे, आणखी काय हवं? पण बोरसे गिरणाकाठी आहेत, मोसमच्या बाजूला आहेत, जिथे बोरीचं पाणी कधी पोचलं नाही अशा गावांतही पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नदीच्या नावाशी त्यांचं नाव जुळतं, एवढ्यावर नातं जोडायचं तर बोरिवलीलाही ओढून आणावं लागेल.

पारोळ्याच्या स्टँडवरून किल्ला चालत जाण्याजोगा आहे. हा भुईकोट, गावाच्या ऐन गर्दीत, दुकानं-टपऱ्यांनी वेढलेला. 1727 साली जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी तो बांधला. जुनं गॅझेटियर सांगतं, की पारोळा तोवर पन्नासेक घरांचं खेडं होतं, त्याला तटबंदीच्या शहराचं रूप याच गृहस्थांनी दिलं. भोवती खंदक, दाराशी उचलून घेता येणारा पूल अशी त्याची त्या काळातली ऐट होती. आज बुरूज उभे आहेत, तटावर चढता येतं, खंदकात काय काय साचलं आहे ते न सांगितलेलं बरं. किल्ल्यातून निघालेलं भुयार आठ किलोमीटरवरच्या नागेश्वराच्या देवळापर्यंत जातं, असं तिथे भेटणारा प्रत्येक जण सांगतो. महाराष्ट्रातल्या प्रत्येक किल्ल्याला असं भुयार असतं, ते नेहमी देवळातच निघतं, आणि त्यातून जाऊन आलेला माणूस नेहमी सांगणाऱ्याच्या आजोबांच्या ओळखीचा असतो.

आडनावांच्या दृष्टीने मात्र या किल्ल्याएवढी सोयीची जागा दुसरी नाही. पारोळ्याची जहागीर ज्या घराण्याची, ते नेवाळकर. मूळचे कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यात लांजा तालुक्यातलं कोट हे त्यांचं गाव. म्हणजे आडनावातला ‘कर’ कोकणातून निघून घाट चढून खानदेशात आला आणि पारोळ्यात गढी, जहागीर, किल्ला सगळं झालं तरी नेवाळकरच राहिला. घराण्यातले रघुनाथ हरी पेशव्यांचे सुभेदार म्हणून झाशीला गेले. त्याच घराण्यातल्या गंगाधररावांची पत्नी राणी लक्ष्मीबाई. गंगाधररावांनी नोव्हेंबर 1853 मध्ये, मरणाच्या आदल्या दिवशी, जो मुलगा दत्तक घेतला तो आनंदराव हा वासुदेवराव नेवाळकरांचा, म्हणजे पारोळ्याच्या शाखेतला. दत्तकविधानात त्याचं नाव दामोदरराव झालं. हेच दत्तक डलहौसीने नाकारलं आणि 1854 मध्ये झाशी खालसा केली.

पारोळ्याचा झाशीशी आणखी एक, जरा कडू संबंध आहे. जून 1857 मध्ये झाशीतली इंग्रजी सत्ता कोसळताच पारोळ्याच्या शाखेतले सदाशिवराव तिकडे पोचले, करेऱ्याचा किल्ला घेतला आणि स्वतःला झाशीचा राजा म्हणवून मोकळे झाले. राणीच्या फौजेने त्यांना हुसकावून लावलं. राणीचं चरित्र म्हटलं की इंग्रजांशी झालेली लढाई डोळ्यांपुढे येते. घरातल्या भाऊबंदाशी तिला आधी लढावं लागलं हे पाठ्यपुस्तकात सहसा नसतं. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी पारोळ्याची जहागीर जप्त केली आणि किल्ल्याची मोडतोड केली.

पण मला ज्याचं कुतूहल होतं ती गोष्ट यानंतरची. राणीच्या मृत्यूनंतर दामोदरराव बरेच हाल सोसून इंदूरला स्थिरावले आणि 1906 मध्ये तिथेच वारले. त्यांच्या वंशजांनी आडनाव लावलं झांशीवाले. झाशीत राज्य होतं तोवर या घराण्यातल्या कोणालाही असं म्हणवून घ्यायची गरज नव्हती. झाशी सुटली तेव्हा ती आडनावात आली. कोकण सुटलं तेव्हा नेवाळकर, झाशी सुटली तेव्हा झांशीवाले. ‘कर’ काय आणि ‘वाले’ काय, हा शिक्का गावाच्या वेशीबाहेर बसतो. खुद्द पारोळ्यात कोणी पारोळेकर नसतो. धुळेकर, एरंडोलकर, अमळनेरकर, चोपडेकर शोधायचे तर पुणं, नाशिक, बडोदा, इंदूर इथे शोधावेत.

किल्ल्यासमोर चहाच्या टपरीवर एक आबा बसले होते, पांढरी टोपी, हातात पिशवी, गावाकडच्या गाडीची वाट बघत. बोरीकर नावाचं कोणी इकडे आहे का, असं विचारलं. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “बोरीकर? आठे कोनी नही. आमना गावमा समदा पाटीलच शेतस.” मग त्यांनीच मला विचारलं, “तुम्ही कोनता गावना?”

मला हवं ते उत्तर त्यांच्या या प्रश्नात होतं. अहिराणीत ‘चा’च्या जागी ‘ना’ येतो. माणूस पारोळाना असतो, बहादरपूरना असतो. एवढ्याने ओळख पुरी होते; त्यासाठी ‘कर’ जोडून वेगळं आडनाव घडवावं लागत नाही. आणि आडनावाच्या रकान्यात आधीच काहीतरी बसलेलं असतं: पाटील, चौधरी, महाजन, देशमुख. ही सगळी हुद्द्यांची नावं. पाटीलकीचा हुद्दा महाराष्ट्र सरकारने 1962 च्या कायद्याने रद्द केला, पण आडनावाला कायदा लागू होत नाही. खानदेशात एकेका गावात अर्ध्याहून अधिक घरं पाटील असू शकतात, आणि त्यांतले मराठे, लेवा, राजपूत, गुजर वेगवेगळे. पोस्टमनची पंचाईत होते ती इथे. मग घराघराला उपनावं पडतात. कोणी वाड्यावरचे, कोणी मळ्यातले, कोणी नदीकडचे. वेल्समध्येही हेच झालं. एका गल्लीत सगळे जोन्स, तेव्हा दूधवाला जोन्स, कोळशावाला जोन्स अशी निवड करावी लागे. म्हणजे नदीकडचे पाटील बोरीकाठी आहेतच, फक्त सातबाऱ्यावर त्यांची नदी येत नाही.

बोरीकडे जायला पारोळ्याहून बाहेर पडावं लागतं. नदी गावातून जात नाही. नाशिक-धुळ्याच्या सरहद्दीकडच्या डोंगरातून ती येते, तालुक्यात तामसवाडीला तिच्यावर धरण आहे, मग बहादरपूर, मग अमळनेर, आणि पुढे तापी. मी बहादरपूरच्या बाजूने गेलो. दोन्ही अंगांना कापूस, मका, कुठे ज्वारी. या भागाला पाऊस बेताचा, म्हणून धरणात किती पाणी आलं ही चर्चा गणपतीपासून होळीपर्यंत चालते. बहादरपूरला नदीकाठी जुन्या कोटाचे अवशेष आहेत. खाली पात्र रुंद, पाणी एका कडेने आवाज न करता चाललेलं. बोरीचं नाव बोरीच्या झाडावरून पडलं असावं हे सांगायला पंडित नको, काठाकाठाने काटे टोचून घेतले की पुरे.

आणि इथेच बोरीकर आडनावाची अडचण सुरू होते. बोरीचं झाड महाराष्ट्रात कुठे नाही? बोरी नावाची दुसरी नदी धाराशिव जिल्ह्यात आहे. नळदुर्गाचा तो प्रसिद्ध पाणीमहाल तिच्याच पात्रात बांध घालून उभारला आहे, आणि ती पुढे भीमेला मिळते. परभणीत जिंतूरजवळ बोरी नावाचं मोठं गाव आहे, यवतमाळ जिल्ह्यात बोरी अरब आहे, इंदापूर तालुक्यात बोरी आहे. छोटी बोरी-बुद्रुक, बोरी-खुर्द तर मोजत बसू नयेत. एखाद्या बोरीकराला ‘तुम्ही कुठले’ विचारलं तर तो बहुधा यांपैकी एखाद्या गावाचं नाव घेईल. नदीचं घेणार नाही.

याला कारणही सरळ आहे. आडनाव ही पत्त्याची सोय. नदी म्हणजे पत्ता नव्हे. तापी सातशे किलोमीटर वाहते. तापीचा माणूस म्हणजे मुलताईचा, भुसावळचा, की सुरतेचा? नदीचं नाव आडनावात यायचं तर ते बहुतेकदा गावामार्फत येतं, जेव्हा नदी आणि गाव यांचं नाव एकच असतं तेव्हा. वेल्समधल्या लॉघरचं तेच झालं. परभणी जिल्ह्यात पूर्णा हे गाव नदीच्या नावाचंच आहे, नीरेचंही तसंच. किंवा मग संगमावर गाव वसतं आणि गावाचं नाव माणसाला लागतं: प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावरचं संगमनेर, तिथले संगमनेरकर. तापीकर हे आडनाव म्हणूनच मला दुर्मिळ आणि धीट वाटतं. ते लावणाऱ्या पूर्वजाला एक गाव पुरेसं वाटलं नसावं, किंवा तो इतका दूर गेला असावा की तिथल्या लोकांना तापीशिवाय खानदेशातलं दुसरं काही ऐकूनच माहीत नसावं.

समूहांच्या नावात मात्र नद्या सहज येतात. सारस्वत स्वतःला सरस्वतीच्या तीरावरचे सांगतात. शरयूपलीकडचे ते सरयूपारीण. अख्ख्या देशाला आणि धर्माला नाव मिळालं ते सिंधूवरून. समूह मोठा असला की नदीएवढा लांब पत्ता चालतो, एका कुटुंबाला तो सैल होतो.

बोरीच्या काठाने अमळनेरला पोचलो. नदीच्या पात्रातच सखाराम महाराजांची समाधी आहे. 1818 मध्ये महाराज वारले; वैशाखातल्या यात्रेला आजही सगळा खानदेश इथे लोटतो आणि वाळवंटात दुकानं लागतात. साने गुरुजी याच गावात प्रताप हायस्कूलला शिक्षक होते. 1916 साली निघालेलं तत्त्वज्ञान मंदिर इथलंच, 1945 साली वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झालेली विप्रो इथलीच, आणि 2024 चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथेच भरलं. एवढ्या मोठ्या नावांच्या गावात बोरीचं नाव कोणाच्या पाटीवर दिसतं का ते पाहत बाजारातून फिरलो. दुकानांच्या, शाळांच्या, पतपेढ्यांच्या पाट्यांवर नद्या भरपूर, आडनावांत एकही नाही.

नद्या शोधायच्या तर त्या पहिल्या नावात शोधायला हव्या होत्या. खानदेशात तापीराम आहेत, तापीबाई आहेत. आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा जन्मदिवस मानतात, आणि त्या सुमाराला जन्मलेल्या मुलीला तिचं नाव देण्याची जुनी रीत ऐकायला मिळते. गोदावरी, नर्मदा, यमुना, कृष्णा, भागीरथी ही तर घरोघरच्या आज्यांची नावं. पारोळ्याच्या त्या घराण्याकडेच बघा. लक्ष्मीबाईंचं माहेरचं नाव मणिकर्णिका, काशीतल्या गंगेच्या घाटाचं. आई भागीरथीबाई. नवरा गंगाधर. एका स्त्रीभोवती इतकी गंगा, आणि आडनावं मात्र तांबे, नेवाळकर. नदी आईच्या बाजूने नावात येते आणि त्या बाईबरोबरच संपते. आडनाव बापाकडून पुढे जातं, त्यात नदीला जागा नसते. युरोपात जॉर्डन नदीचं उलट झालं. धर्मयुद्धांवरून परतलेल्यांनी तिचं पाणी आणून त्याने मुलांचा बाप्तिस्मा केला, मुलांची नावं जॉर्डन ठेवली, आणि त्या नावांची पुढे आडनावं झाली. आपल्या तापीरामांची मुलं पाटीलच राहिली.

नदीने खानदेशात कोणाला आडनाव दिलंच नाही असंही नाही. भोई आणि कोळी ही आडनावं इथे जागोजाग आहेत. होडी चालवणारे, मासे धरणारे, पूर आला की माणसं पैलतीरी नेणारे. तापीवर पूल नव्हते तेव्हा या घरांवाचून खानदेशाचा उत्तर-दक्षिण व्यवहार चालत नव्हता. त्यांच्या आडनावात नदीचं नाव नाही, नदीवरचं काम आहे. माझ्या लेखी खरे बोरीकर आणि तापीकर हेच.

आडनावाने बोरीकर असणाऱ्यांचं मूळ मात्र या बोरीत नाही, ते त्यांनी आपापल्या बोरी गावांत शोधावं. शोधायच्या दोन जागा हाताशी आहेत. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या वह्या असतात. आजोबा-पणजोबांपैकी कोणी तिथे श्राद्धाला गेलं असेल तर गाव, तालुका आणि सही सापडू शकते. आणि खानदेशातल्या ज्या घरांत अजून भाट येतो, त्यांनी त्याला शिधा देऊन वाटेला लावण्याआधी वही उघडून वाचायला सांगावं. मूळ गावाचं नाव त्यात बहुतेकदा पहिल्या पानांवर असतं. भाट आता म्हातारे झाले आहेत आणि त्यांची मुलं वह्या घेऊन फिरत नाहीत, तेव्हा पानांचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.